बिडाची चकती

बसा.

फरशीवर पोतं अंथरलंय, त्यावर. पाठ टायरांच्या थप्पीला टेकू द्या. मांडी घाला, नाहीतर पाय लांब सोडा. गुडघे म्हणतील तसं.

रात्रीचे दहा वाजून गेलेत. कोल्हापुरातल्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीमागचं हे छोटं गॅरेज. शटर अर्धं खाली ओढलंय. बाहेर महामार्गावरून एक ट्रक जातो. त्याचा आवाज येतो, मोठा होतो, बेंगळुरूच्या दिशेनं विरत जातो.

विरू द्या.

समोर गाडी स्टँडवर उभी आहे. जुनी, छोटी हॅचबॅक. मागचं सीट काढलेलं, आतलं कार्पेट काढलेलं. आता ती मुख्यतः ट्रॅकवर पळते. पुढची दोन्ही चाकं उतरवून भिंतीला लावलीत. चाकाच्या जागी हब उघडा आहे आणि हबवर काहीच नाही.

त्या रिकाम्या जागेकडे एकदा पाहा.

तिथं काय बसवायचं, ते आज ठरेल. आत्ता लगेच नाही.

आधी श्वास. आत येतो तेवढा येऊ द्या. बाहेर जातो तेवढा जाऊ द्या.

पुन्हा एकदा.

पोत्यावर ब्रेकच्या तीन डिस्क मांडून ठेवल्यात. तिन्ही नव्या, तिन्ही बिडाच्या. एक साधी, कोरी. एकीच्या तोंडावर तिरक्या खाचा. एकीला भोकंच भोकं, ओळीनं, नक्षी काढल्यासारखी.

नजर कुणाकडे जाते, ते नुसतं पाहा. बहुतेकांची नक्षीकडे जाते. माझीही जायची.

नजर जाऊ द्या, पण हात साध्या डिस्ककडे न्या. दोन्ही हातांनी धरा. उचला.

वाटली त्याहून जड आहे.

मांडीवर घ्या.

थंड आहे ना? कापडातून गारवा हळूहळू मांडीला लागतो. बोटांना थोडं तेल लागतं. गंज चढू नये म्हणून नव्या डिस्कला ते लावलेलं असतं. नाकाशी न्या. तेलाचा वास, आणि त्याच्या मागे लोखंडाचा.

वजन मांडीवर उतरू द्या. सात किलोच्या आसपास आहे. सहा महिन्यांचं बाळ मांडीवर असावं, तेवढं.

हे बीड.

शब्द एकदा मनात म्हणा. बीड. घरात तो तव्याच्या मागेपुढे ऐकलेला असतो. बिडाचा तवा, बिडाची कढई. आंबोळी काढायला आजीला तोच तवा लागायचा. तापायला वेळ घ्यायचा. पण एकदा तापला की पीठ पडलं तरी गार पडायचा नाही. चूल विझल्यावरही कितीतरी वेळ त्याला हात लावता यायचा नाही.

तो तवा आठवा. त्याचा काळा, तुकतुकीत पृष्ठभाग. त्याची धग.

मांडीवर आत्ता जे आहे, ते त्याच घराण्यातलं आहे.

आता ऐकायचंय.

मधल्या भोकात एका हाताची दोन बोटं घाला आणि डिस्क उचलून लटकती धरा. दुसऱ्या हातात छोटा पाना घ्या. त्याच्या दांड्यानं कडेला एक हलका ठोका द्या.

ऐका.

आवाज उमटतो आणि लगेच आत जातो. देवळातली घंटा पितळेची किंवा काशाची. तिचा नाद लांबतो, हवेत राहतो. बिडाचा नाद लांबत नाही. जणू कुणीतरी आतून त्याच्यावर हात ठेवतं.

तो हात ग्राफाइटचा आहे. करड्या बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो, आणि त्यातला बराचसा लोखंडात न विरता ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपानं राहतो. शिसपेन्सिलीच्या कांडीत असतं तेच ग्राफाइट. डोळ्यांना न दिसणारे असंख्य पापुद्रे या चकतीभर पसरलेत. कंप त्यांच्यापाशी येतो आणि थांबतो. उष्णता मात्र त्यांच्यातून वाट काढत सहज पुढे जाते.

पुन्हा एक ठोका.

आवाज आत जाताना त्याच्याबरोबर आत जा.

ठोका स्वच्छ वाजला, म्हणजे चकती एकसंध आहे. तडा असता तर आवाज फुटका, बसका आला असता. फौंड्रीतली जुनी माणसं ओतलेल्या मालाला असाच ठोका देतात आणि मान थोडी कलती करून ऐकतात. मोजमापाची यंत्रं आली, तरी ती मान अजून कलते.

ठेवा मांडीवर. डोळे मिटा.

या पट्ट्यात फौंड्र्या आहेत. शिरोलीत, गोकुळ शिरगावला, कागलकडे. गाड्यांच्या किती कंपन्यांची बिडं इथं ओतली जातात. दिवेलागणीनंतर या बाजूनं गेलात, तर एखाद्या उघड्या दारातून नारिंगी उजेड दिसतो.

त्या दारात उभे राहा.

काळी, ओलसर वाळू. तिच्यात डिस्कचा साचा उमटलेला. साच्याच्या मधोमध आणखी एक गोष्ट ठेवलेली आहे, बिस्किटासारखी कडक, वाळूचीच. कोअर. डिस्कच्या दोन तोंडांमध्ये जी पोकळी राहणार आहे, ती आधी वाळूची करून ठेवलीय.

ओतायचं लॅडल तिरकं होतं. तेराशे अंशांच्या वर तापलेलं बीड, पाण्याइतकं पातळ, आत उतरतं. वाळूच्या त्या बिस्किटाभोवती फिरतं. खाली जातं, वर येतं, भरतं.

आणि निवायला लागतं.

पहिल्यांदा तापणं तिथंच झालं. पहिल्यांदा निवणंही तिथंच. ते निवणं किती सावकाश झालं, यावर आतले पापुद्रे ठरले. घाईनं निवलेलं बीड पांढरं, काचेसारखं कडक होतं, त्याला लेथचं टूल लागत नाही. ही चकती घाईनं निवलेली नाही.

मग साचा मोडतात. आतली वाळू झटकून काढतात. पोकळी मोकळी होते.

डोळे उघडा.

डिस्क उभी धरा, कडेनं पाहा. दोन जाड भाकरी एकावर एक ठेवाव्यात आणि मध्ये फट राहावी, तशी. फटीत छोट्या छोट्या भिंती आहेत, मधून बाहेर गेलेल्या. यांना पाती म्हणू या.

करंगळीचं टोक फटीत घाला. जेमतेम जातं. आत खरखरीत लागतं. वाळूचा स्पर्श तिथं अजून शिल्लक आहे. बाहेरची दोन्ही तोंडं मशिननं आरशासारखी केली, पण आत कुणी हात लावला नाही.

आता डिस्क तोंडाजवळ आणा. मधल्या बाजूनं, जिथून पाती सुरू होतात तिथं, एक फुंकर घाला. दुसरा हात बाहेरच्या कडेला धरा.

लागली का तळहाताला?

तुमचाच श्वास. आतून गेला, बाहेर आला.

चाक फिरतं तेव्हा ही चकती हेच करत राहते. मधून हवा ओढते, कडेनं फेकते. जितकी जोरात फिरते, तितकी जास्त. पंपाला मोटर लागते. हिला फिरणं पुरतं.

थोडा वेळ असेच फुंकत राहा. सावकाश. आत, बाहेर.

पूर्वीच्या गाड्यांना ड्रम ब्रेक असत. घर्षण बंद डब्यात व्हायचं, आणि उष्णता तिथंच घुटमळायची. उघड्या चकतीची कल्पना इंग्लंडमध्ये लँचेस्टर या अभियंत्यानं १९०२ मध्ये पेटंट केली होती. पण ती रुजायला पन्नास वर्षं गेली. १९५३ च्या ल मान शर्यतीत डनलॉपच्या डिस्क लावलेली जॅग्वार सी-टाइप पहिली आली. चोवीस तास, प्रत्येक फेरीत तिथल्या लांबलचक सरळ पट्ट्याच्या टोकाला, चालक इतरांपेक्षा उशिरा ब्रेक लावू शकत होते. कारण त्यांची चकती वाऱ्यात होती.

वाऱ्यात. एवढंच धरून ठेवा.

आता ही डिस्क मांडीवर असतानाच मनानं दूर जाऊ या.

कोइंबतूर. शहराबाहेर चेट्टिपाळयमला करी मोटर स्पीडवे आहे, करिवर्धन या शर्यतपटूच्या नावाचा. सकाळचं कोवळं ऊन. दूरवर डोंगरांची निळी रेघ. फेरी छोटी, २.१ किलोमीटरची. एक वळण संपतं न संपतं तोच पुढचं समोर येतं.

तुम्ही गाडीत आहात. हेल्मेटच्या आत स्वतःचा श्वास ऐकू येतो.

सरळ पट्टा. काटा १४० वर. वळण येतंय.

पाय ब्रेकवर.

इथंच थांबा. या क्षणात राहा.

गाडी आणि तुम्ही मिळून अकराशे किलो आहात. १४० चे ७० होईपर्यंत अडीचेक सेकंद जातात. तेवढ्यात जी ऊर्जा उतरते, तिनं दोन लिटर पाणी उकळीला आलं असतं. चहाच्या मोठ्या पातेल्याखाली स्टोव्ह किती वेळ फुरफुरतो, आठवा. ते सगळं या अडीच सेकंदांत.

ती ऊर्जा गेली कुठं?

मांडीवर पाहा.

इथं. वेग इथं येतो आणि धग होतो. दोन पॅड दोन बाजूंनी चकती धरतात, आणि पळणं त्यांच्यामध्ये ऊन होऊन उतरतं. पुढच्या दोन चकत्यांच्या वाट्याला साधारण सत्तर टक्के येतं, कारण ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढे झुकतं.

मांडीवरची ही सात किलोची चकती एका वळणाला साठेक अंशांनी तापते. गाडीबरोबर कारखान्यातून आलेली मूळची डिस्क लहान होती, पाचेक किलोची. तेवढीच ऊर्जा, पण तिच्यात उतरली तर नव्वदच्या आसपास.

साठ. नव्वद.

दोन्ही आकडे जवळ जवळ ठेवून पाहा.

मग पुढचं वळण. निवायला पुरेसा वेळ मिळालेला नसतो, वर आणखी साठ. मग आणखी. थोडं वाऱ्यात जातं, थोडं साचतं. काही फेऱ्यांनी चकती चार-पाचशे अंशांवर असते. अंधार असता तर पाचशेच्या पुढे ती मंद लाल दिसली असती. सकाळच्या उन्हात ते दिसत नाही. पायाला मात्र कळतं.

पाय काय सांगतो, ते ऐका.

पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, असं लागलं तर पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापलेत. पेडल मऊ पडलं, खोल गेलं, तर ब्रेक ऑइलला उकळी फुटलीय. डॉट ४ चं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत टिकायला हवं. हवेतली ओल पिऊन जुनं झालं की ही मर्यादा १५५ वर येते. चकतीतली धग पॅडमधून, पिस्टनमधून हळूहळू त्याच्यापर्यंत पोहोचते.

म्हणून वजन हवं. धग धरून ठेवणारं. आणि पोकळी हवी, ती सोडणारी.

श्वास आत धरा थोडा. सोडा.

धरणं. सोडणं.

परत गॅरेजमध्ये या. पोत्यावर या.

साधी डिस्क खाली ठेवा. आता नक्षीची डिस्क उचला. भोकांतून बोटांना पलीकडची हवा लागते. देखणी आहे, यात शंका नाही. उजेडाकडे धरलीत तर भिंतीवर ठिपके पडतात.

पाहा ते ठिपके. मन भरून पाहा.

फार पूर्वी पॅडचा मसाला वेगळा होता. तो तापला की वायू सुटायचा आणि पॅड नि चकतीमध्ये अडकायचा. भोकं त्याला वाट करून द्यायची. पावसाचं पाणीही त्यांतून निघून जायचं. आजच्या पॅडमधून तेवढा वायू सुटत नाही. भोकं राहिली.

एका भोकाच्या कडेवरून नख फिरवा. इथं बीड संपतं. चकती तापून फुगते, निवून आक्रसते, आणि त्या ओढाताणीला इथंच सगळ्यात जास्त जोर येतो. कडेपाशी.

माझ्याकडे अशी एक जोडी होती. दोनच ट्रॅक दिवस झाले होते. चाक उतरवलं आणि दोन भोकांच्या मध्ये केस पडल्यासारखा दिसला. मी बोटानं झटकला. गेला नाही. नखानं खरवडला. नख अडकलं.

मी तिथंच खाली बसलो. गाडीत शेजारी माझा भाचा बसला होता त्या दिवशी.

तो केस मला अजून दिसतो.

डिस्क खाली ठेवा. अलगद.

श्वास.

खाचांची डिस्क घ्या. तर्जनी खाचेतून फिरवा. उथळ आहे, आरपार नाही. प्रत्येक फेऱ्याला ही खाच पॅडचं तोंड पुसत जाते. भाजलेला थर, धूळ, सगळं. पॅड ताजे राहतात, आणि थोडे लवकर झिजतात. ब्रेक लावला की बारीक घुर्रर्र असा आवाज येतो. शर्यतीच्या कडक पॅडबरोबर ही चांगली जमते. हिच्याबद्दल माझ्या मनात काही किंतु नाही.

हिच्या फटीत पाहा. पाती सरळ नाहीत, वाकडी आहेत, फुलाच्या पाकळ्या एका बाजूला झुकाव्यात तशी. अशी डिस्क डावी वेगळी, उजवी वेगळी असते. गाडीवर बसवल्यावर, चकतीच्या वरच्या भागात, पात्यांची बाहेरची टोकं गाडीच्या मागच्या बाजूला कललेली असायला हवीत. मग हवा मोकळी बाहेर पडते. उलटी बसली तर तीच पाती हवेला अडखळवतात. खाचांची दिशा पाहून बसवणारे इथं चुकतात. फटीत वाकून पाहायला हवं.

वाकून पाहा. टॉर्च लावा.

आतला अंधार, आणि त्यातून पलीकडे दिसणारा उजेडाचा तुकडा.

आणखीही चकत्या असतात जगात. काहींचं मधलं टोपण ॲल्युमिनियमचं असतं आणि बिडाचं कडं त्याला सैलसर जोडलेलं. कडं तापून फुगतं तेव्हा त्याला जागा मिळते. २८० मिलिमीटरची चकती पाचशे अंशांनी तापली, तर दीडेक मिलिमीटरनं वाढते. एकसंध ओतलेल्या डिस्कमध्ये कडं वाढतं, टोपण तुलनेनं थंड राहतं, आणि चकती किंचित ताटासारखी होते. दोन तुकड्यांच्या डिस्कमध्ये ते टळतं, वजनही उतरतं. गाडी वेगवान असेल आणि पदरी पैसे असतील, तर तो खर्च योग्य आहे. पुढं कडं झिजलं की तेवढंच बदलतं.

कार्बन-सिरॅमिकच्याही असतात. वजनाला बिडाच्या निम्म्या. हातात घेतल्या की चमत्कार वाटतो. त्यांची किंमत मात्र आपल्या या अख्ख्या गाडीएवढी.

त्या जाऊ द्या.

साध्या डिस्ककडे परत या. ती तशीच पडलीय पोत्यावर.

पुन्हा मांडीवर घ्या. आता ती तेवढी थंड लागत नाही. मघाशी तुमच्या मांडीची ऊब तिनं घेतली होती, ती अजून थोडी तिच्यापाशी आहे.

तळहात तिच्यावर सपाट ठेवा. डोळे मिटा.

या चकतीवर भोक नाही, खाच नाही. जेवढं बीड ओतलं, जवळजवळ तेवढं सगळं इथंच आहे. व्यास २८८ मिलिमीटर, जाडी २५. मूळची २५६ ची होती, २२ जाडीची. व्यास वाढला म्हणजे पॅड केंद्रापासून थोडे दूर धरतात, आणि तेवढ्याच दाबानं चाक जास्त आवळलं जातं. त्यासाठी पॅड धरणाऱ्या कॅलिपरचं ब्रॅकेट बदललंय. चाक १५ इंची आहे. त्यात ही मावते, कडेला बोटभर जागा राहते.

बुद्ध सर्किटच्या ट्रॅकवर जायचं असतं तर? तिथली फेरी ५.१२५ किलोमीटरची, आणि एक सरळ पट्टा किलोमीटरहून लांब. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, म्हणून त्या पट्ट्याच्या टोकाला एकदम फार मोठा घाव बसतो. पण मग पुढे वारा खायला अवसर मिळतो. करीला घाव लहान, पण अवसर नाही. आपल्याला करीला जायचंय. बंपरमधल्या फॉगलॅम्पच्या भोकातून एक पाईप चकतीच्या मध्यापर्यंत नेलाय, पात्यांच्या मुखाशी. मघाशी तुम्ही जिथं फुंकर घातली, तिथंच.

हातांना विचारा.

डोक्यातले आकडे आता राहू द्या. तळहाताखाली काय लागतंय? थंड, सपाट, जड, गप्प.

थोडा वेळ तसेच बसा.

बाहेर आणखी एक ट्रक गेला. तुम्हाला कळलं, पण तुम्ही त्याच्यामागे गेला नाहीत.

हीच.

उठा आता. सावकाश. एक पाय, मग दुसरा.

हबचं तोंड आधी स्वच्छ करायचंय. तारेच्या ब्रशनं. गंजाचा एक कण जरी खाली राहिला, तरी चकती तिरकी बसते. घासा. घासल्याचा आवाज ऐका. भुकटी खाली पडते, फुंकर मारून ती उडवा.

डिस्कचं तेल क्लीनरनं पुसा. दोन्ही तोंडं. कापड काळं होतं, दुसरं घ्या. ते स्वच्छ निघेपर्यंत.

बसवा. नटांनी आवळा. डायल गेज लावा आणि हब हातानं एक पूर्ण फेरा फिरवा. सुई हलते, किंचित. पन्नास मायक्रॉनच्या आत हवी. केसाच्या जाडीपेक्षाही कमी.

सुईकडे पाहत फिरवा. श्वास आपोआप धरला जातो. धरू नका. चालू राहू द्या.

ठीक आहे. बसली.

टोपणावर बारीक अक्षरं ओतलेली आहेत, त्यात एक आकडा आहे. कमीत कमी जाडी. नव्या जाडीपेक्षा दोनेक मिलिमीटर कमी. तिथपर्यंत ही आपल्याबरोबर आहे. तो आकडा वहीत लिहून ठेवा, तारखेसह.

आता तवा मुरवायचा आहे.

बिडाचा नवा तवा आणला की आजी लगेच आंबोळी टाकायची नाही. तेल लावायचं, कांदा फिरवायचा, तापवायचा, निववायचा, पुन्हा तेल. दोन-चार दिवस. मग पीठ त्याला चिकटायचं थांबायचं.

चकतीचंही तसंच. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून, वेग घ्या आणि अर्धा उतरवा. पूर्ण थांबू नका. पुन्हा. थोड्या जास्त दाबानं. पुन्हा. आठ-दहा वेळा. पॅडचा पातळसा थर चकतीवर चढतो, सगळीकडे सारखा. तिचा रंग बदलतो, पांढऱ्या चकाकीवर राखी, निळसर झाक येते. मग नुसतं चालवत राहा, ब्रेक न लावता, गार होईपर्यंत.

थर सारखा चढला नाही, कुठं जाड कुठं पातळ राहिला, तर ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. एके ठिकाणी पॅडचा मसाला चिकटून राहिलेला असतो.

म्हणून ट्रॅकवरची शेवटची फेरी हळू.

त्या शेवटच्या फेरीत या आता. करीचं ऊन वर आलंय. बाकीच्या गाड्या शेजारून निघून जातात, जाऊ द्या. पाय ब्रेकपासून दूर. चकती फिरतेय, मधून हवा घेतेय, कडेनं सोडतेय. तुम्हीही तसंच करा.

आत.

बाहेर.

पिटमध्ये वळा. गिअर टाकूनच गाडी थांबू द्या. हँडब्रेक ओढू नका, मागेही तापलेलंच आहे. चाकाखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. ब्रेकवर पाय ठेवून उभे राहू नका. तापलेल्या चकतीवर पाणी तर कधीच मारू नका. तापल्या तव्यावर गार पाणी पडलं की काय होतं, ते कुठल्याही स्वयंपाकघराला माहीत आहे.

इंजिन बंद करा.

हेल्मेट काढा. कान मोकळे होतात.

गाडीतून उतरा आणि पुढच्या चाकापाशी उकिडवे बसा. हात लावू नका. फक्त तोंड जवळ न्या. गालाला झळ लागते. भाजलेल्या पॅडचा उग्र वास, आणि त्याच्याखाली कुठंतरी तोच, तेलातून आला होता तो, लोखंडाचा.

आरांच्या मधून चकती दिसतेय. हवा तिच्यावर थरथरतेय.

दोन मिनिटांनी ठोकळा सरकवून, गिअर काढून गाडी हातानं वीतभर पुढे ढकला. पॅड एकाच जागी टेकून राहू नयेत म्हणून. मग पुन्हा बसा.

आणि ऐका.

टिक्.

बीड आक्रसतंय.

टिक्. टिक्.

सुरुवातीला भराभर. मग मध्ये जागा पडायला लागते. मोजू नका. प्रत्येकीची वाट पाहा.

टिक्.

कुणीतरी लांबून चहाला हाक मारतं. हात वर करून सांगा, आलो.

टिक्.

अजून एक येईल. बसा तोवर.